रेखाचा बाप कोण?

घरात एकाहून अधिक धर्म असले, तर मुलाने स्वतःला काय म्हणवायचं? जर्मन रंगभूमीवर हा प्रश्न जिने रुजवला, त्या रेखाचा जन्म एका बंदीतून झाला. १७७८ मध्ये ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने जर्मन नाटककार लेसिंगच्या धर्मविषयक लिखाणाला चाप लावला. लेसिंगने मग आपलं म्हणणं नाटकात मांडलं. ‘नाथान डेअर वाइझ’ (शहाणा नाथान) १७७९ मध्ये छापून आलं.

तीन धर्म म्हणजे तीन सारख्या अंगठ्या, ही त्यातली गोष्ट बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मधली. लेसिंगने तिच्याभोवती एक कुटुंब उभं केलं. ख्रिश्चनांनी नाथानच्या बायकोला आणि सात मुलांना जाळून मारलं. त्यानंतर तीनच दिवसांनी या ज्यू व्यापाऱ्याच्या हाती एक तान्ही ख्रिश्चन मुलगी आली, तीच रेखा. पुढे एका जुन्या प्रार्थनापुस्तकातल्या अक्षरावरून सुलतान सलाउद्दीन ओळखतो, की ती आपल्या भावाची मुलगी आहे. सगळे एकमेकांना कवटाळतात. त्या मेळाव्यात रेखाशी रक्ताचं नातं नसलेला एकच माणूस असतो: तिला वाढवणारा नाथान.

लेसिंग १७८१ मध्ये वारला. बर्लिनचा पहिला प्रयोग १७८३ चा. नाटकाचा खरा कस लागला १९३३ मध्ये. नाझींनी नोकऱ्यांवरून काढलेल्या ज्यू कलावंतांची ‘कुल्टुरबुंड’ ही संस्था १ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये याच नाटकाने सुरू झाली. प्रेक्षकही फक्त ज्यूच. त्या प्रयोगात शेवटी नाथान रंगमंचावर एकटा उरला. रक्तावरून माणसं वेगळी काढणाऱ्या राजवटीत ते आलिंगन खोटं ठरलं असतं. ७ सप्टेंबर १९४५ ला बर्लिनचं डॉइचेस थिएटर पुन्हा उघडलं, तेही ‘नाथान’नेच, दिग्दर्शक फ्रिट्स विस्टेन हा कुल्टुरबुंडमधलाच.

असंच जन्माचं गुपित असलेलं ‘तू देझ्वाझो’ हे नाटक लेबनॉनमध्ये जन्मलेल्या वज्दी मुआवाद यांनी २०१७ मध्ये पॅरिसला आणलं. पात्रं जर्मन, इंग्रजी, हिब्रू आणि अरबी बोलतात. मुलाने अरब वंशाच्या मुलीवर प्रेम केलं म्हणून भडकणारा ज्यू बाप दाविद हाच १९६७ च्या युद्धात सापडलेलं पॅलेस्टिनी बाळ होता. लेसिंगकडे जन्माचं गुपित घर जोडतं. इथे ते दाविदला उद्ध्वस्त करतं.

दोन्ही नाटकं मला एकच सांगतात: रक्ताचा शोध कुळापाशी संपतो, धर्माचा नाही. रेखाने सगळं ऐकल्यावरही नाथानलाच बाप मानलं. मिश्र घरातल्या मुलांना हा हक्क असायलाच हवा: ज्यांनी वाढवलं, त्यांच्यापैकी कुणालाही न नाकारता आपला धर्म स्वतः ठरवण्याचा.