विषाची परीक्षा

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहून द्यायचे मी कबूल केले, त्याला कारण माझी प्रतिभा नव्हती. संपादकांच्या घरची बासुंदी होती. गोष्ट बरीच जुनी आहे. तोवर मी फक्त विनोदी लिहीत असे, म्हणजे ते विनोदी आहे अशी माझी समजूत होती. दुसरी वाटी संपता संपता संपादक म्हणाले, "यंदा तुमच्या हातून एखादा खून होऊन जाऊ द्या." तोंड भरलेले असल्यामुळे मी नुसती मान डोलावली.

खून करायचा म्हणजे साधन हवे. पिस्तूल मी फक्त सिनेमात पाहिलेले. सुरा म्हटला की रक्त आले, आणि मला तर रक्त तपासायला देतानासुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसावे लागते. राहता राहिले विष. विषात आवाज नाही, सांडलवंड नाही, धावपळ नाही. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाला परवडण्याजोगा तेवढा एकच खून.

पण कोणते विष? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड असल्या शंका काढत बसत नसत. माझा पिंड पडला शाळामास्तरचा. 'पेल्यात विष कालवले' एवढ्यावर मला भागेना. आयुष्यभर व्याकरण तपासल्यावर माणसाला विषसुद्धा शुद्ध लागते.

म्हणून आधी गल्लीतल्या वैद्यबुवांकडे गेलो. दारातूनच विचारले, "बुवा, बचनाग कसा असतो हो?" बुवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी कथेचे सांगितले. त्यावर त्यांचा एक काडीचाही विश्वास बसला नाही, पण कुचला मात्र त्यांनी समजावून दिला. दूध, तूप, गोमूत्र असे संस्कार करून तो शुद्ध केल्याशिवाय औषधात घालत नाहीत, वगैरे. मी निघताना म्हणाले, "वहिनींना एकदा इकडे पाठवून द्या." आमच्या हिला बुवांनी काय सांगितले ते मला आजतागायत कळलेले नाही. पुढचे आठ दिवस माझ्यासमोरच चहा गाळला जाई, आणि पहिला घोट मी घेईपर्यंत तिचा कप ओठाला लागत नसे.

मग एका डॉक्टर मित्राकडून डॉ. जयसिंग मोदींचा न्यायवैद्यकाचा जाडजूड ग्रंथ आणला. हा ग्रंथ पहिल्यांदा निघाला १९२० साली, आणि त्याच साली अमेरिकेत एका तरुण इंग्रज बाईंची पहिली कादंबरी निघाली: 'द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. बाई म्हणजे अगाथा ख्रिस्ती. त्यात जी म्हातारी मरते ती कुचल्यातल्या स्ट्रिकनीनने.

या बाईंना विषाची माहिती पुस्तकातून मिळालेली नव्हती. पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या इस्पितळात त्या आधी शुश्रूषेला होत्या, नंतर औषधे तयार करण्याच्या खोलीत. आपल्याकडच्या भाषेत कंपाउंडर म्हणा. त्यासाठी त्यांनी रीतसर परीक्षाही दिली. त्या दिवसांतली एक हकिगत त्यांच्या आत्मचरित्रात आहे, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झाले. ज्या औषधवाल्याकडे त्या शिकायला जात, त्याने एकदा दशांश चिन्ह चुकवले आणि औषधाच्या वड्या दहापट जहाल करून ठेवल्या. आता गुरूची चूक शिष्येने सांगायची कशी? बाईंनी अडखळल्याचे सोंग केले, ताटली पाडली आणि वड्या पायाखाली चुरडून टाकल्या. हाच गृहस्थ खिशात क्युरारीचा खडा घेऊन हिंडत असे. क्युरारी म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या वेलींपासून केलेले, बाणांच्या टोकाला लावायचे विष. ते खिशात असले की आपल्याला सामर्थ्य वाटते, असे तो सांगे. काहींना खिशात पाकीट असल्यावर वाटते तसेच. त्याचे ते बोलणे बाईंच्या डोक्यातून गेले नाही. पुढे १९६१ सालच्या 'द पेल हॉर्स'मध्ये त्यांनी तो माणूस वापरला.

स्ट्रिकनीनची मोठी अडचण त्याचा कडूपणा. कॉफीत घाला, कोकोत घाला, लपत नाही. बाईंनी त्यावर तोड काढली ती कंपाउंडरलाच सुचावी अशी: औषधच कडू असेल तर कडू लागले म्हणून कोण तक्रार करील? आणि बाटलीत दुसरे औषध पडले की विष तळाशी जाऊन बसते, हे तर खोलीतल्या प्रत्येक शिकाऊ माणसाच्या कानीकपाळी ओरडलेले असे. त्या पुस्तकाची एका औषधशास्त्राच्या नियतकालिकाने स्तुती केली, आणि बाईंना इतर कौतुकापेक्षा तीच मोलाची वाटली. मला हे पटते. माझ्या लेखाला 'छान' म्हणणारे पुष्कळ भेटले. पण एका लेखात एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही असे आमचे हेडमास्तर म्हणाले, तो दिवस मी विसरलो नाही.

इथवर वाचले आणि एकदम ध्यानात आले की हे झाड आपल्या ओळखीचे आहे! कोकणात आजोळी विहिरीमागे काजरा होता. नारिंगी, चेंडूसारखी फळे. आत चपट्या, कोटाच्या बटणांसारख्या लुसलुशीत केसाळ बिया. धनेश येऊन फळातला गर खाई. आम्हां पोरांना मात्र त्या बाजूला फिरकायची बंदी. त्याच बिया हिंदुस्थानातून पोत्यांनी विलायतेला जात. १८१८ साली पेलत्ये आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्रिकनीन वेगळे काढले ते या झाडाच्या फिलिपिनी चुलतभावाच्या बीमधून. पण पुढे बाजार चालला तो आमच्या काजऱ्यावर. म्हणजे टॉर्कीच्या त्या फडताळातली बाटली आजोळच्या विहिरीमागून नसली, तरी तसल्याच कुठल्या तरी विहिरीमागून आलेली. मला उगीचच अभिमान वाटला.

बाकीच्या वनस्पतींनी निराशा केली. धोतरा वाटमारे प्रवाशांना घालीत. १८५६ साली कलकत्त्याच्या डॉ. शेव्हर्सनी न्यायवैद्यकाच्या पुस्तकात अशा पुष्कळ कथा नोंदल्या. पण ते प्रवासी बहुधा बरळत उठून बसत. कथेत मेलेल्या माणसाने उठून बसणे बरे नव्हे. गुंजेचे विष गुरांवर चाले, आणि माझ्या कथेत गुरे नव्हती.

त्याच १८५६ साली लंडनला विल्यम पामर नावाच्या डॉक्टरवर खटला चालला. शर्यतीत पैसे हरलेला हा डॉक्टर, आणि मेला तो शर्यतीत पैसे जिंकलेला त्याचा दोस्त कुक. आरोप स्ट्रिकनीन घातल्याचा. पण प्रसिद्ध विषतज्ज्ञ डॉ. टेलर यांना प्रेतात स्ट्रिकनीन सापडलेच नाही. तरी पामर फासावर गेला. बरोबर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर १९५६मध्ये, आमच्या पुण्याच्या डॉ. अनंत चिंतामण लागूंनी लक्ष्मीबाई कर्वे या श्रीमंत विधवा बाईंना उपचारासाठी म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले. गाडीतून उतरवल्या त्या बेशुद्धच. इस्पितळात त्यांचे नाव भलतेच लिहिले गेले, आणि त्याच दिवशी त्या गेल्या. बाई तीर्थयात्रा करताहेत अशी बनावट पत्रे पुढे कितीतरी दिवस येत होती. रासायनिक तपासणीत इथेही विष सापडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९मध्ये परिस्थितिजन्य पुराव्यावर फाशी कायम केली. कथाकार विषाचे नाव शोधत बसतो, आणि खऱ्या खटल्यांत नेमके तेच मिळत नाही! मात्र त्या बाईंची आठवण झाली की मला विषापेक्षा ते खोटे नावच जास्त टोचते.

शेवटी मी स्ट्रिकनीनच पक्के केले. दिवाणखाना सजवला, काकासाहेब आरामखुर्चीत बसवले, काढ्याचा पेला हातात दिला. आता लक्षणे तेवढी पाहून घ्यावी म्हणून मोदी उघडले. मज्जारज्जूवरचा लगाम सुटतो. जरा आवाज झाला, स्पर्श झाला की सगळे अंग कमानीसारखे ताठते. आणि या सगळ्यात शुद्ध शेवटपर्यंत कायम असते.

त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो.

नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे मोत्या होता. गावच्या नगरपालिकेची माणसे एका सकाळी टोपलीतून भजी वाटत गेली. कुत्री फार झाली की तेव्हा सगळीकडे असेच करीत. मोत्या घरापर्यंत चालत आला. मी स्वयंपाकघराकडे धावलो, माझा धक्का लागून पातेल्यावरचे झाकण पडले, आणि त्या आवाजासरशी तो ताठला. वडिलांनी मला गप्प बसवले, आईने पंखासुद्धा हलवू दिला नाही. सगळे घर चवड्यांवर चालत होते. नंतर वडील म्हणाले, "त्याला काही कळत नव्हतं रे." तेहतीस वर्षे मी ते खरे धरून चाललो होतो.

२००१ साली केंद्र सरकारचे नियम आले आणि कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करायची असे ठरले. वडील तोवर नव्हते. असते तरी मी त्यांना मोदींचे ते पान दाखवले नसते.

काकासाहेबांच्या हातातला काढा मी काढून घेतला. चार दिवसांनी, मुदत टळल्यावर, त्यांना कथेच्या पहिल्याच ओळीत मागल्या दारच्या विहिरीत ढकलून दिले आणि कथा पाठवली. संपादकांचे कार्ड आले: "कथा बरी आहे. पण खुनी सापडतो तो विहिरीच्या पाण्याच्या पातळीवरून, तेव्हा विहीर किती हात खोल, ते कृपया निश्चित कळवावे."

मी दोरीला दगड बांधून निघालो. ही दारात उभी होती. म्हणाली, "अहो, आता दगड कशाला?"