मुक्तांगण कोणी सुरू केलं?

पॉडकास्टच्या भागात वेळ कमी पडतो, म्हणून एक प्रश्न इथे जरा निवांत घेऊ. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बहुतेक मराठी घरांत ती अशी सांगतात: अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये दिले आणि केंद्र सुरू झालं. हे सगळं खरं आहे. पण नीट बघितलंत तर लक्षात येईल, या गोष्टीत डॉक्टरच नाही. व्यसनाचे उपचार करणारं केंद्र, आणि उपचार कोण करणार याचा पत्ता नाही!

आधी काळ समजून घेऊ. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूचे जुने मार्ग विस्कटले, नवे तयार झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर स्वस्तात मिळायला लागली. मराठीत तिला नाव पडलं गर्द, आणि ती ओढणाऱ्याला गर्दुल्ला. हा शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. त्यात माणूस कुठे दिसतो का? पुलाखाली पडलेलं काहीतरी, एवढंच दिसतं.

कायद्याची नजरही फार वेगळी नव्हती. अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कडक कायदा १९८५ चा. हेरॉइनच्या व्यापाराला किमान १० वर्षांची शिक्षा, आणि थोडंसं स्वतःसाठी बाळगलं किंवा ओढलं तरी एक वर्षापर्यंत कैद. त्याच कायद्याच्या ७१ व्या कलमात सरकारला उपचार केंद्रं काढण्याची मुभा होती. मुभा, सक्ती नव्हे. त्यामुळे तुरुंग तयार होते आणि दवाखाने काढायचे होते.

अवचटांचे लेख आले ते या वातावरणात. ते स्वतः एम.बी.बी.एस., पण डॉक्टरकी सोडून पत्रकारितेत आलेले. गर्द ओढणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून त्यांनी लिहिलं, पुढे त्याचं 'गर्द' हे पुस्तक झालं. देशपांडे दांपत्याचे पैसे आले ते या लेखांमुळे.

आता जागा आणि डॉक्टर. दोन्ही एकाच व्यक्तीमुळे मिळाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं ते त्याच रुग्णालयाच्या आवारात. ज्या आवाराच्या नावाने लोक चेष्टा करतात, 'येरवड्याला पाठवा याला' म्हणतात, तिथे! आपल्या मुलाला तिथे घेऊन जायचं म्हणजे त्या काळच्या आईबापांना काय वाटत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

म्हणूनच आत गेल्यावर काय होतं, याला महत्त्व होतं. गर्द सोडताना शरीराचे जे हाल होतात, त्याला व्यसनी मुलांच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. ते दिवस औषधांवर निभावतात. खरा प्रश्न पुढचा: टर्की संपली, माणूस घरी गेला, नाक्यावर जुने मित्र उभेच आहेत, मग काय? अनिताताईंनी याचं उत्तर ठेवलं ते पद्धतीत. मारहाण नाही, अपमान नाही. दाखल झालेला माणूस 'रुग्णमित्र'. गर्दुल्ल्यापासून रुग्णमित्रापर्यंत, एवढं अंतर त्या एका शब्दाने कापलं. उपचार साधारण ३५ दिवसांचे, त्यात गटचर्चा आणि समुपदेशन, आणि नंतरचा पाठपुरावा. जे बरे झाले त्यांतलेच काही पुढे समुपदेशक झाले. आणि व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट, कारण आजारी एक असतो पण झिजतं सगळं घर.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत त्यांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावी शेअरबाजारातला बिल विल्सन आणि सर्जन बॉब स्मिथ भेटले. दोघेही दारूचे व्यसनी. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. व्यसनी माणसाला व्यसनातून गेलेला माणूसच नीट ओळखतो, ही कल्पना तिथेही पायात आहे. फरक असा की त्या सभांना डॉक्टर लागत नाही. मुक्तांगणमध्ये डॉक्टर, बरा झालेला माणूस आणि घरचे लोक, तिघे एका छताखाली आले.

अनिताताईंना कॅन्सर झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. संस्थेची परीक्षा तिथे होती. देणगी एकदाच येते, लेख एकदाच छापून येतो; पण संस्थापक गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड उघडतो की नाही? तो उघडला. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली, केंद्र येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेलं, स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग सुरू झाला. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. मुक्तांगणचं श्रेय ते स्वतः कायम सुनंदाला देत आले.

मग मुक्तांगण कोणी सुरू केलं? लेखांशिवाय पैसे आले नसते, पैशांशिवाय सुरुवात झाली नसती. पण रोजचा दिवस कसा चालेल हे ठरवलं एका सरकारी डॉक्टर बाईने, आणि टिकलं ते तेच. आपण परदेशातली मंडळी गावाकडच्या संस्थांना हौसेने चेक पाठवतो, पाठवावेतच. त्यासोबत एक प्रश्नही पाठवा: तिथे रोज सकाळी कोण येतं, आणि त्यांच्यानंतर कोण येणार आहे?

आणि व्यसन तुमच्याच घरात असेल, न्यू जर्सीत असो वा दुबईत, तर त्या माणसाला आपण कुठल्या नावाने हाक मारतो, हेही एकदा तपासून बघा. येरवड्यात सुरुवात तिथूनच झाली होती.