पाटील आले, सुतार आला

देवनागरीला मोठी आणि लहान अशी दुहेरी लिपी नाही. बंगाली, तमिळ, कन्नड, उर्दू यांनाही नाही. त्यामुळे या नियतकालिकाच्या बहुतेक विभागांत एक प्रश्न कधी उभाच राहत नाही : एखाद्या पदाचे नाव कोशात नोंदीचे शीर्षक म्हणून छापायचे झाले, तर त्याचे पहिले अक्षर मोठे छापायचे की लहान? इंग्रजी कोशकारांना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. गेली काही वर्षे मी मराठ्यांच्या इतिहासावरील कोशनोंदी मराठीतून इंग्रजीत नेण्याचे काम करते आहे. नोंदीचा मजकूर एका दिवसात होतो, शीर्षकावर कधी कधी आठवडा जातो. या पानावर मला ते मोठे अक्षर छापून दाखवताही येत नाही, इतका हा प्रश्न आपल्या लिपीबाहेरचा आहे. पण तो आपल्या इतिहासाबाहेरचा नाही.

आधी इंग्रजीकडचा इतिहास पाहू. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी छपाईत कुठल्याही महत्त्वाच्या नामाला मोठे अक्षर मिळत असे. शतक संपता संपता ही चाल मागे पडली. जर्मनने ती आजही ठेवली आहे, डॅनिशने 1948 साली सोडली. इंग्रजीत त्यानंतर मोठे अक्षर मुख्यतः विशेषनामांपुरते उरले आणि पदनामे मधल्या मधे अडकली. कारण पद हे सामान्यनाम असते, पण ते भूषवणारा माणूस एकच आणि नावाचा असतो. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ची पहिली आवृत्ती 1906ची. तिच्या आजच्या आवृत्त्यांतला नियम असा, की पद नावाच्या आधी जोडून आले तर मोठे अक्षर, एकटे आले किंवा नावामागून आले तर लहान. ‘प्रेसिडेंट लिंकन’मधला प्रेसिडेंट मोठा, तोच पुढच्या वाक्यात नावाशिवाय आला की लहान. वाक्यात हा नियम चालतो. शीर्षकात मात्र शेजारी ना वाक्य असते, ना नाव.

जुन्या कोशांनी ही अडचण झाकून ठेवली होती. 1768 ते 1771 या काळात एडिंबरोत निघालेल्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षके सबंध मोठ्या अक्षरांत आहेत. सगळीच अक्षरे मोठी असली की कोण मोठा आणि कोण लहान हे विचारायचे कारण उरत नाही. 1886 साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येही असेच आहे. पण तिथे शीर्षकानंतर एक बारीक खूण येते. ‘बॉम्बे’पुढे विशेषनामाची खूण, ‘कलेक्टर’पुढे सामान्यनामाची. ‘पेशवा’पुढेही सामान्यनामाचीच. अक्षरांनी जे सांगितले नाही ते त्या खुणेने सांगितले.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक शीर्षशब्दाचे आद्याक्षर मोठे होते, मग तो शब्द लोणी असो की लंडन. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत संपादकांनी ही प्रथा मोडली. एरवी लिहिताना कोणत्या शब्दाला खरोखर मोठे अक्षर लागते, हे वाचकाला शीर्षकातच दिसावे, हा हेतू. त्याआधी 1961 साली अमेरिकेत ‘वेब्स्टर्स थर्ड’ने दुसरे टोक गाठले होते : शीर्षशब्द सगळे लहान अक्षरात, अपवाद फक्त देवाचा, बाकीच्यांपुढे ‘बहुधा मोठे अक्षर’ अशी टीप. म्हणजे शीर्षकातले अक्षर ही सजावट राहिली नाही, ती माहिती झाली. आणि माहिती म्हटली की ती कुणीतरी ठरवावी लागते.

आता ‘पेशवे’ ही नोंद घ्या. शब्द फारसी, अर्थ पुढारी. दक्षिणेतल्या सुलतानांच्या दरबारांतून तो मराठी राज्यात आला. शिवाजी महाराजांच्या काळी मोरोपंत पिंगळे पेशवे होते. 1674च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत घेतली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांचा ‘राज्यव्यवहारकोश’ याच उद्योगातला. तो श्लोकबद्ध, त्यामुळे त्यात आजच्यासारखी शीर्षके नाहीत. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, पण तोंडी पेशवाच टिकला. 1713 साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना हे पद दिले आणि पुढे ते भट घराण्यात वंशपरंपरेने राहिले. 1818 साली ती सत्ता संपली, तेव्हा ‘पेशवा’ हे पद होते, घराणे होते, राजसत्ता होती, आणि ‘पेशवाई’ हे एका काळाचे नाव झाले होते.

इंग्रजीत मला यातले एक निवडावे लागते. मोरोपंतांसाठी लहान अक्षर आणि बाजीरावांसाठी मोठे असे केले, तर पहिला नोकर आणि दुसरा राजा असा निकाल मीच दिला. दोघांनाही मोठे दिले, तर 1749पर्यंत साताऱ्याला शाहू छत्रपती होते ही गोष्ट अंधूक होते. पहिल्या बाजीरावांच्या शिक्क्यात आधी राजा शाहूंचे नाव आहे, मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. शिक्का स्वतः पद सांगतो. नंतरची इंग्रजी इतिहासपुस्तके राज्यकर्ता सांगतात. मराठी शीर्षकात ‘पेशवे’ एवढे लिहिले की भागते. अनेकवचन की आदरार्थी बहुवचन, पद की आडनाव, हे वाचक संदर्भाने लावतो.

गावपातळीवर उतरले की हा प्रश्न आणखी अवघड होतो. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, चिटणीस, पोतनीस ही सगळी कामांची नावे. आज ती आडनावे आहेत. नाना फडणीसांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. ‘फडणीस’ त्यांचे पद. लोकांच्या तोंडी पद राहिले आणि भानू मागे पडले. इंग्रजीत पद लहान अक्षराने आणि आडनाव मोठ्या अक्षराने, हे मी न अडखळता लिहिते, कारण पद गेले तरी नाव मानाचेच राहिले.

मग बलुतेदार येतात. सुतार, लोहार, कुंभार. हे काम, हीच जात, आणि पुढे हेच आडनाव. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915च्या पुस्तकातला कुठलाही उतारा इंग्रजीत न्यायला घेतला की दर ओळीला हा पेच येतो. लहान अक्षराने लिहिले तर इंग्रजी वाचकाला केवळ लाकूडकाम करणारा दिसतो, जणू उद्या तो धंदा बदलेल. मोठ्या अक्षराने लिहिले तर त्याची जात दिसते आणि हातातली पटाशी नाहीशी होते. आर. ई. एन्थोव्हेन यांनी 1920 ते 1922 या काळात मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर तीन खंड काढले. तिथे ही नावे जातींची शीर्षके झाली आहेत.

‘महार’ या शब्दाचे तर दोन सरकारी अर्थ एकाच वेळी चालू होते. एन्थोव्हेनच्या खंडांत ती जात. पण सरकारच्याच 1874च्या वंशपरंपरागत पदांविषयीच्या कायद्याखाली महारकी हे वतन होते, म्हणजे एक पद. त्याची कर्तव्ये होती आणि तुटपुंजा मोबदला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते या पदाच्या वेठीतून माणसे सुटावीत म्हणून. शेवटी 1958च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात या वतनांना ‘कनिष्ठ’ अशा अर्थाचे विशेषण आहे. महसुली पाटलांचे पद 1962च्या कायद्याने गेले. त्या नावात असले विशेषण नाही. या नोंदीचे शीर्षक लहान अक्षराने लिहिले तर ते पद राहते, आणि पद कायद्याने रद्द करता येते. मोठ्या अक्षराने लिहिले तर ती जन्माची ओळख होते. बाबासाहेबांचे विधेयक या दोन अर्थांमधली गाठ सोडवू पाहत होते. मी इंग्रजीत नोंदीचे दोन भाग करते आणि दोन शीर्षके देते. जागा जास्त लागते, पण गाठ दिसते.

इथवर वाचून आपल्या लिपीत उच्चनीच नाही, असे वाटण्याचा संभव आहे. लिपीत नाही हे खरे, पण ते क्रियापदात आहे. जुन्या गावाविषयी मराठीत लिहिताना ‘पाटील आले’ आणि ‘सुतार आला’ हे हातून सहज उतरते. ‘कुलकर्णी म्हणाले’, ‘महार म्हणाला’. इंग्रजीतले मोठे अक्षर वाक्यात एकदाच येते. आपले बहुवचन विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळीकडे पसरते. ‘पंतप्रधान’ या शब्दात तर ‘पंत’ पदातच बसलेले आहेत. हिंदीत तेच पद ‘प्रधानमंत्री’ आहे, तिथे कुणी पंत नाहीत. इंग्रजी कोशकार शीर्षकात जो निर्णय उघडपणे घेतो, तो आपण व्याकरणाच्या आड घेतो आणि घेतला हे आपल्या लक्षातही येत नाही.

म्हणून मला भारतीय संविधानाचे पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. इंग्रजी पाठात राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, सभापती या पदांना मोठे अक्षर आहे. नागरिकाला आणि सभागृहाच्या साध्या सदस्याला लहान. मराठी पाठात असा भेद करायला लिपीच नाही, पण बहुवचन तर हाताशी होते. रोजच्या वर्तमानपत्रात ‘राष्ट्रपती म्हणाले’ किंवा ‘म्हणाल्या’ असेच छापतात. संविधानाच्या मराठी पाठात मात्र राष्ट्रपतीसाठी एकवचन आहे. तिथे राष्ट्रपती ‘असतील’ नाही, ‘असेल’ आहे. हिंदीतही ‘होंगे’ नाही, ‘होगा’. त्या वाक्यात बसलेला कुणी नावाचा माणूस नाही, फक्त पद आहे, आणि पदाला नागरिकासारखेच एकवचन पुरते.

कोशनोंदीतही हे करता येईल. पदाच्या नोंदीत एकवचन, मग ते पद पेशव्याचे असो की सुताराचे. आणि माणसाच्या नोंदीत आदरार्थी बहुवचन, मग तो माणूस वाड्यातला असो की वेशीबाहेरचा. मराठी मजकूर तपासायला आला की मी आता शीर्षकानंतर सर्वांत आधी क्रियापदे वाचते.