पुंगळीचा हिशेब

पोर्तुगीजांनी मराठीला बटाटा दिला, पाव दिला, तसे काडतूसही दिले. ‘कार्तुशो’ या त्यांच्या शब्दाला आपल्या जिभेने वळण लावले आणि तो इतका मुरला की त्याचे परकेपण आज कुणाला जाणवत नाही. मात्र त्या काडतुसाच्या धातूच्या नळीला आपण आपलाच शब्द दिला : पुंगळी. हा शब्द हल्ली मुख्यतः वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात भेटतो आणि बहुधा एक विशेषण सोबत घेऊन येतो. ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या.’ हे रिकामेपण कितपत खरे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

काडतुसाचे घटक चार : गोळी, दारू, ठिणगी देणारी टोपी आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. चाप ओढताच टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. १८५७ चा असंतोष ज्या एनफील्ड काडतुसाशी जोडला जातो ते कागदी होते. त्याचे आवरण दातांनी फाडायचे असे आणि बार उडाल्यावर हाती ठेवण्याजोगे काही उरत नसे. पितळेची पुंगळी आली ती १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्नायडर बंदुकीबरोबर. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. मुंबई इलाख्यात पुंगळीचा इतिहास सुरू होतो तो साधारण येथून.

या पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पितळेची चकती टप्प्याटप्प्याने दाबून, ओढून तिची नळी करतात. प्रत्येक ओढीबरोबर धातू कडक होत जातो, म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये त्याला तापवून पुन्हा नरम करावे लागते. हे ज्ञान आपल्याकडे विलायतेहून यावे लागले नाही. पायधुनीच्या तांबाकाट्यावर ज्यांच्या हातची भांडी विकली गेली, ते तांबट हेच करीत आले. मठारकामात हातोडीच्या घावांनी भांडे घट्ट होते; पण घाव अति झाले तर पत्रा तडकतो आणि त्याआधी त्याला भट्टी दाखवावी लागते. गिरगावातल्या जुन्या घरांतून पाण्याचे हंडे पिढ्यान्‌पिढ्या चालले, ते याच जाणकारीच्या बळावर.

बंदूक उडते तेव्हा पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या कोठीला आतून चिकटून बसते. त्यामुळे वायू मागे येत नाही. क्षणार्धात ती किंचित आकसते आणि बाहेर पडते. पण तोवर तिच्या अंगावर त्या विशिष्ट बंदुकीचा ठसा उमटलेला असतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ तो वाचतात. अमेरिकेत हीच वापरलेली पुंगळी धुऊन, साच्यातून काढून, लांबलेली मान कापून, कडक झालेली मान तापवून पुन्हा भरण्याची रीत एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या छावण्यांत आणि शिकाऱ्यांत रुजली. आजही ती तेथे घरोघरी चालणारा छंद आहे. एकच पुंगळी अनेकदा उपयोगी पडते. अखेरीस तिची मान तडकते, तेव्हाच ती खरोखर निकामी होते.

मानेच्या या तडकण्यालाही हिंदुस्थानचा इतिहास आहे. येथील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत. ती न वापरताच तडकू लागली. ऋतूबरोबर येणारे दुखणे म्हणून इंग्रजीत या विकाराला ऋतूवरूनच नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामात धातूच्या अंगी राहून गेलेला ताण. पुंगळ्या मंद तापवून तो ताण उतरवायचा, हा त्यावरचा उपाय. आपल्या पावसाळ्याने धातुशास्त्राला शिकवलेला हा धडा आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आला नाही.

मग ज्या शहरात पितळ जाणणारे इतके हात होते, तेथे पुंगळी घरी दुरुस्त करण्याची रीत का रुजली नाही? उत्तर कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली, गोऱ्यांना मात्र सूट दिली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात वर्णभेदाची सूट नाही, परंतु दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही समाविष्ट आहेत आणि परवान्याविना तो बनवणे गुन्हा आहे. नेमबाजीच्या खेळातही फारशी वाट उरली नाही. पॉइंट टू टू जातीच्या काडतुसात स्फोटक द्रव्य तळाच्या कडेतच भरलेले असते. ते पुन्हा भरणे व्यवहार्य नाही. दादरच्या कीर्ती महाविद्यालयातून, राष्ट्रीय छात्र सेनेच्या मार्गाने नेमबाजीत आलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या त्या एअर रायफलवर, आणि तिला तर पुंगळीच लागत नाही.

म्हणजे पुंगळीवर हक्क उरला तो सरकारचा, आणि सरकार ती मोजून घेते. सरावाच्या मैदानावर झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून परत जमा करायच्या, हा लष्कराचा आणि पोलिसांचा जुना शिरस्ता आहे. एखादी कमी पडली तर शिपाई गवतात वाकून ती शोधत राहतो. बंदोबस्तात गोळीबार झाला तरी सरकारी निवेदनात किती फैरी झाडल्या याचा आकडा येतो.

हा शिरस्ता लक्षात ठेवून परळ-लालबागच्या रस्त्यांकडे पाहावे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ नाविक तळावर उठाव सुरू झाला. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सच्या भिंतींवरून नाविक आणि गोरे सैनिक यांच्यात गोळ्या चालल्या. २२ तारखेला गिरणगाव हरताळात उतरला आणि लष्कराने रस्त्यांवर गोळीबार केला. परळला कमल दोंदे या कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोळी लागून मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसांतल्या मृतांची संख्या सरकारी हिशेबानेही दोनशेच्या वर गेली. पुढे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला आणि जानेवारी १९५६ मध्ये गिरगावापासून लालबागपर्यंत पुन्हा गोळ्या चालल्या; या वेळी स्वकीय सरकारच्या.

या दोन हिशेबांत एक फरक आहे आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. फैरींचा आकडा एकदा लिहिला की तो कायम होतो. माणसांचा आकडा मात्र सावकाश जुळत जातो. ‘१०५ हुतात्मे’ हा शब्दप्रयोग मराठीत घट्ट रुजला, आणि तो रुजल्यावरही मोजणी पुढे सरकून १०७ वर गेली. पितळ मोजणारा कारकून पगारी असतो. माणसे मोजण्याचे काम चाळींनी, युनियनच्या कचेऱ्यांनी आणि शाहिरांनी केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची परंपरा आपण वर्गात शिकवतो, तेव्हा लोकवाङ्मयाचा एक प्रकार म्हणून शिकवतो. ती हिशेबाची वहीही होती, हे आम्ही विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही.

भांड्यांच्या व्यवहारात ‘मोड’ म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे. जुने भांडे मोडीत घालून त्याच्या वजनावर नवे घेता येते. लेखी मराठीत मात्र ‘मोडीत काढणे’ म्हणजे निकाली काढणे, विसरणे. काडतुसाच्या पुंगळीलाही याच नजरेने आपण ‘रिकामी’ म्हणतो, जरी तिच्या अंगावर बंदुकीचा ठसा असतो आणि तिच्यामागे कुणाचे तरी नाव असते. गिरणगावाचे साहित्य शिकवणाऱ्यांनी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली उघडून फैरी आणि नावे एका पानावर मांडून पाहावीत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.