हॉप्सच्या भट्टीतला स्टुडिओ

आपल्या रेडिओवर बोलायला आलेली बाई माइकसमोर बसली की आधी विचारते, "मागं कोंबडा आरवला तर चालंल का?" आम्ही म्हणतो, आरवू दे. घर, शेत आणि आवाजाचं काम आपल्याकडं वेगळं करताच येत नाही. आज आम्ही अशाच एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्याकडची नाही, इंग्लंडची आहे. नाव डॅफ्नी ओरॅम.

डॅफ्नीचा जन्म 1925 सालचा, विल्टशायर या ग्रामीण भागातला. तिला लंडनच्या मोठ्या संगीत कॉलेजात जागा मिळत होती. ती सोडून, दुसरं महायुद्ध चालू असताना, सतरा-अठराव्या वर्षी ती बीबीसी रेडिओत कामाला लागली. काम होतं मैफलीत मायक्रोफोनचे आवाज जुळवण्याचं. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मैफल चालू असायची आणि वरून बॉम्ब पडायची भीती. म्हणून तीच रचना ती रेकॉर्डवर बरोबरीनं चालू ठेवायची. मैफल थांबली, तर ऐकणाऱ्याला कळू न देता रेकॉर्ड पुढं सुरू करायची.

या कामात तिचा कान तयार झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास तिनं 'स्टिल पॉइंट' नावाची रचना लिहिली. दोन वाद्यवृंद, मायक्रोफोन आणि फिरत्या तबकड्या, असा त्यात मेळ होता. ती वाजवायला बीबीसीनं नकार दिला. कागद कपाटात गेले.

पण डॅफ्नीबाई थांबल्या नाहीत. दिवसा ठरलेली नोकरी करायची. रात्री सगळे घरी गेले की वेगवेगळ्या स्टुडिओंतली टेपची यंत्रं ढकलत एका खोलीत आणायची आणि रात्रभर काम करायचं. टेप ब्लेडनं कापायची, चिकटवायची, उलटी फिरवायची, मंद करायची. सकाळी यंत्रं पुन्हा जागच्या जागी. घरातली सगळी निजल्यावर शिवणयंत्र काढणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

अखेर 1958 साली बीबीसीनं अशा आवाजांसाठी 'रेडिओफोनिक वर्कशॉप' नावाचा विभाग उघडला. त्यासाठी डॅफ्नीबाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. पण तिथं नाटकांच्या मागं लावायचे आवाज हवे होते. बाईंना त्या आवाजांचं संगीत करायचं होतं. वर्षाच्या आत, 1959 साली, त्यांनी पगाराची नोकरी सोडली आणि केंट भागातल्या फेअरसीट या खेड्यात बिऱ्हाड हलवलं.

घर कसलं, तर हॉप्स वाळवायची जुनी भट्टी. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालायची वेलीची फुलं. खाली आगटी, वर फटी असलेल्या फळ्यांचा माळा, माळ्यावर फुलं पसरलेली. वर शंकूसारखं छप्पर, त्याच्या टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारं धुराडं. आपल्याकडं ऊसतोडीला कुटुंबं निघतात, तशा लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बाया पोराबाळांसकट दरवर्षी हॉप्सच्या तोडणीला केंटमध्ये येत. पुढं यंत्रं आली, तोडणीची माणसं कमी झाली आणि अशा कितीतरी भट्ट्या रिकाम्या पडल्या. त्यातल्या एकीत डॅफ्नीबाईंनी संसार आणि स्टुडिओ एकत्र मांडला.

खेड्यात त्यांना हवी ती शांतता होती. यंत्रं पहाटे परत ठेवायची नव्हती. पण महिनाअखेरचा पगारही नव्हता. मग जाहिरातींसाठी, चित्रपटांसाठी, नाटकांसाठी आवाज करून द्यायचे. शाळांसाठी रेकॉर्ड करायची, व्याख्यानं द्यायची. पोट त्यावर चाललं. उरलेला वेळ आणि पैसा स्वतःच्या यंत्रात जायचा.

ते यंत्र म्हणजे 'ओरॅमिक्स'. त्याची कल्पना आपल्याला सहज कळेल. रांगोळीची रेघ जशी हातानं ओढतो, तशा चित्रपटाच्या पारदर्शक पट्टीवर रेघा काढायच्या. अशा दहा पट्ट्या एकदम सरकायच्या. पट्टीतून उजेड जायचा, रेघ आली की अडायचा आणि त्या कमीजास्त उजेडावर यंत्र आवाज घडवायचं. कुठल्या पट्टीवर सूर, कुठल्या पट्टीवर आवाज किती मोठा, हे सगळं रेघांनी ठरायचं. म्हणजे गाणं वाजवायचं नाही, काढायचं. या कामासाठी 1962 आणि 1965 साली त्यांना गुलबेंकियन फाउंडेशनचं अनुदान मिळालं. एका अभियंत्याची मदतही झाली. 1972 साली त्यांनी आपले विचार पुस्तकात मांडले.

आता या निवडीची किंमतही सांगायला हवी. शहर सोडलं तशी मोठ्या संस्थेची साथ सुटली. यंत्र एकच, तेही त्यांच्याच घरात. पुढं संगणक आले आणि या यंत्राकडं फारसं कुणाचं लक्ष राहिलं नाही. म्हातारपणी पक्षाघातानं हातातलं काम थांबलं. 2003 साली डॅफ्नीबाई गेल्या, तेव्हा त्यांचं नाव मोजक्यांनाच ठाऊक होतं.

मग त्या परत आल्या कशा? शेकडो टेप, चिठ्ठ्या, आराखडे त्यांनी जपून ठेवले होते. ते सगळं लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात पोचलं. 2011 साली त्यांचं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये लोकांपुढं मांडलं गेलं. आणि 2018 साली 'स्टिल पॉइंट' अल्बर्ट हॉलमध्ये वाजली. ज्या हॉलमध्ये ती पोरगी बॉम्बच्या भीतीत रेकॉर्ड फिरवत बसायची, त्याच हॉलमध्ये, जवळजवळ सत्तर वर्षांनी.

मैत्रिणींनो, आपल्याकडं काय होतं? आपल्या आत्यानं, आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, कुणी मोबाइलवर धरल्या. मोबाइल बिघडला, ओव्या गेल्या. राहिल्या असल्या तरी कुणाचा आवाज, कुठल्या सालचा, कुणाला सांगता येत नाही. डॅफ्नीबाईंचं काम चांगलं होतंच, पण ते नुसतं चांगलं असून टिकलं नसतं. ते ठेवलेलं होतं, म्हणून सापडलं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही काढा. प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी लिहा: म्हणणारीचं पूर्ण नाव, गाव, तारीख, काय म्हटलं. रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. म्हणणारीला विचारून ठेवा. आणि मागं कोंबडा आरवला असेल, तर तेही लिहा.