दिवसा राम, रात्री कृष्ण

सावंतवाडीच्या चितारआळीत शिरलं की दुकानांच्या फळ्यांवर आधी दिसतात ती लाकडाची फळं. काजूचं बोंडू, रामफळ, तोंडली, लाल मिरची, पिवळी केळी. पाहुणे केळं हातात घेतात, वजन पाहून चमकतात आणि खाली ठेवतात. मी म्हणतो, त्याच्या सालीवरचा डाग बघा. आजच घडातून काढलेलं केळं करायचं की दोन दिवस मुरलेलं, हे मनाशी ठरवून कारागीर तो तपकिरी डाग देतो. कुंचला एकदाच टेकतो आणि उचलतो. खऱ्या केळ्याकडे वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसालाच हे जमतं.

आजीचं माहेर या आळीच्या पाठीमागे. तिच्या लहानपणी लेथला विजेची मोटर नव्हती. एकजण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा हत्यार धरायचा. दोरी ओढायचं काम बहुधा घरातल्या पोरांकडे. लाकूड फिरत असतानाच लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबायची. घर्षणाने लाख तापून वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याचं पान त्यावर दाबून फिरवलं की चकाकी येते. आजी त्या वासाचं वर्णन करायची, जळक्या लाखेत केवडा मिसळलेला. खेळणी पांगाऱ्याची असत, कारण पांगारा हलका. आळीतल्या एका म्हाताऱ्या चिताऱ्याने तिला सांगितलेलं कारण ती त्याच्याच शब्दांत सांगे: “पोराच्या पायार पडला तरी दुखूक नये.” आता पांगारा सहजी मिळत नाही, आंब्याचं लाकूड पुष्कळ चालतं आणि खेळणी जरा जड झाली आहेत. आजीच्या रुखवतातला लाखेचा पाट मात्र आमच्या घरात अजून जेवायला मांडतात. त्याच्या कडेची वेलबुट्टी मधल्या भागात पुसली आहे, कडेला शाबूत आहे.

चितारी मूळचे रंगकाम करणारे. देवळातली चित्रं, पालख्या, देव्हारे, पाळणे, चौरंग, आणि या सगळ्यांबरोबर गंजिफा. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी हा क्रम उलटा सांगितला असता, आधी गंजिफा आणि मग बाकीचं जग.

गंजिफा हे गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे, आणि अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं सविस्तर वर्णन केलं आहे. पुढे या खेळाने हिंदू रूप घेतलं आणि बादशाही रंगांच्या जागी दहा अवतार आले. सावंतवाडीत तो रुजला तो तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत. १७५५ ते १८०३ अशी ती लांबलचक कारकीर्द. राजांना विद्वानांच्या चर्चेची आवड होती, तेलंगणातून पंडित आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला, असं जुनी माणसं सांगतात. खेळ आला तसे पत्ते करणारे हात इथे आधीच तयार होते. फाटक्या धोतराच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायच्या, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग पत्ता गोल कापायचा, रंगवायचा आणि वर लाख चढवायची. कापडाऐवजी कागद आला तो नंतर.

एका अवताराचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. असे दहा अवतार, म्हणजे १२० पत्ते. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू, कल्कीच्या तलवारी. दहाच्या पत्त्यावर दहा मासे त्या टिचभर वर्तुळात एकमेकांना न चिकटता मावले पाहिजेत, आणि मावतात. खेळायला तिघे बसतात, प्रत्येकाला ४० पत्ते. हुकूम नाही. निम्म्या अवतारांत अंकांच्या पत्त्यांपैकी दहाचा सगळ्यात मोठा आणि एकाचा सगळ्यात लहान, उरलेल्या निम्म्यांत हे उलटं. कुठला पत्ता खेळून गेला आणि कोणाकडे काय उरलं हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं, त्यामुळे गंजिफा खेळणारा माणूस बोलका असला तरी डावात गप्प असतो. आजोबांच्या ओसरीवर पांढरी चादर पसरली की आम्हां मुलांना तिच्या कडेला बसायची मुभा होती, बोलायची नव्हती.

डावाची सुरुवात कोणी करायची हे सूर्य ठरवतो. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्या हातात रामाचा राजा तो पहिला उतरतो. सूर्य मावळल्यावर बसलात तर कृष्णाचा राजा. आजोबांनी हे मला एका वाक्यात शिकवलं: “दिसाक राम, रातीक कृष्ण. ह्या इसारलंस तर डाव गेलो.” मला हा नियम फार आवडतो. दुपारी बारा वाजता जन्मलेला आणि मध्यरात्री जन्मलेला असे दोन देव पत्त्यांच्या डावातही आपापली वेळ सांभाळतात. आणि तिन्हीसांजेला बसलं तर? यावर आजोबा आणि त्यांचे मित्र खरोखर वाद घालत, एकजण अंगणात जाऊन आभाळ बघून येई आणि मग निकाल लागे.

छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर या कलेचे अगदी शेवटच्या जाणकारांपैकी होते. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली. राजघराण्यातल्या बाईंनी चिताऱ्यापुढे बसून कुंचला धरला, हे त्या काळच्या गावाला केवढं वाटलं असेल! पुढे राजवाड्यातच काम सुरू झालं. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये खाली बसून रंगकाम करणारे कलाकार दिसतात, मुलींची संख्या बरीच. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या तेव्हा त्या जिथे नावाने ठाऊक नव्हत्या असं घर गावात नव्हतं. सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकनही आहे.

इथे मला मनातलं स्पष्ट सांगायचं आहे. पत्ते वाचले याचा आनंद आहेच, पण चादर पसरली जात नाही याची रुखरुख त्याहून मोठी आहे. लोक गंजिफाचा संच नेतात, काच लावून भिंतीवर टांगतात. लाकडी भातुकली मात्र पोरांच्या हातात पडते, तिचे टवके उडतात, एखादी पळी हरवते आणि पुढच्या खेपेला नवी घ्यावी लागते. चितारआळी त्या हरवलेल्या पळ्यांवर चालते. ज्या गोष्टीला हात लागतो ती गावाला पुन्हा करावी लागते, आणि करता करता येत राहते. म्हणून गंजिफा विकणाऱ्या प्रत्येकाने संचाबरोबर खेळाचे नियम मराठीत छापून द्यावेत आणि शाळांतून तिघातिघांना बसवून तो शिकवावा, असं मला कळकळीने वाटतं. १८५२ पासून चालत आलेलं श्रीराम वाचन मंदिर गावात आहे. तिथे दुपारी वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याने मनावर घेतलं तरी पुरे.

आळीतून उतरलं की मोती तलाव. नरेंद्र डोंगराच्या कुशीतलं हे गाव या पाण्याभोवती बसलेलं आहे: एका काठाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार. संध्याकाळी कोणी कोणाला शोधत असेल तर घरी जात नाही, तलावाला एक फेरी मारतो. गणपती पोचवतात ते इथेच, पायऱ्यांवरून.

मंगळवारी आठवड्याचा बाजार. श्रावणात या बाजारात मी भाजी घ्यायला कमी आणि बघायला जास्त जातो. आसपासच्या गावांतल्या बायका पहाटेच्या एसटीने येतात, गोणपाट पसरून टाकळ्याच्या, फोडशीच्या, कुड्याच्या शेंगांच्या जुड्या मांडतात. अळंबी आली तर ती पानात गुंडाळलेली असते आणि उन्हं वर येण्याआधी संपते. कुळथाचं पीठ, तिरफळं, आमसुलं, फणसाचं साठ हे बारमाही. भाव करताना “गे बाये” म्हटलं की एक जुडी वर मिळते. आजीने मला बाजार शिकवला तो एवढाच.

हा बाजार इथे भरण्यामागे रस्त्याची मोठी कथा आहे. वेंगुर्ला हे बंदर आणि घाटावरचं बेळगाव ही इंग्रजांची छावणी. या दोघांना जोडणारी वाट सावंतवाडीवरून जाते आणि आंबोलीचा घाट चढते. आजोबांचे वडील बैलगाडीच्या तांड्याबरोबर जात. मीठ, नारळ, सुकी मासळी वर, गूळ आणि मिरची खाली. घाट चढायच्या आदल्या रात्री मुक्काम, पहाटे उतारावरच्या गाड्या येण्याआधी चढाई. पुढे मोटारी आल्या, मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण धावू लागली आणि आमचं स्टेशन गावाबाहेर मळगावला झालं. चाकरमानी गणपतीला तिथे उतरतात आणि पहिली रिक्षा पकडतात.

आंबोली इथून सुमारे तीस किलोमीटर. धबधब्याखाली भिजायला येणाऱ्यांच्या गाड्या पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटभर लागतात; मी त्या दिवशी जात नाही. माझी जागा हिरण्यकेशी. कपारीतून नदी बाहेर पडते, उगमावर देऊळ, पुढे कुंड. आजी तिथल्या कुंडात पाय घालू देत नसे. पाणी देवीचं आहे, आत मासे आहेत, त्यांना कोणी पकडत नाही, एवढंच सांगायची. २०२० मध्ये याच कुंडातल्या एका माशाचं नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, आणि नावही ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. जेमतेम दीड इंचाचा, अंगावर रंग ल्यालेला, तळाच्या वाळूशी राहणारा मासा. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कितीतरी पिढ्यांनी त्या माशाला नाव न देता सांभाळलं होतं. देवीचं पाणी म्हणून रोज कोणीतरी तिथे दिवा लावायला जात होतं, पाण्यावर नजर ठेवून होतं, म्हणून ते कुंड शास्त्रज्ञांना जसंच्या तसं सापडलं.

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि मग शिमग्यापर्यंत रोज कुठे ना कुठे रात्रभर दशावताराचं नाटक. सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्यातली मोठी, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. नवस फेडायला आलेले पुरुष देवळाभोवती जमिनीवर आडवे लोळत लोटांगण घालतात, बाया उभ्याने घालतात. बाहेर खाज्याच्या राशी, आल्याच्या आणि गुळाच्या वासाने भरलेली हवा.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद उभ्या उभ्या होतात. मंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तोच पर्वत. आधी आडदशावतार, त्यात वेद चोरणारा काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. मग हार्मोनियम, पखवाज, झांजेवर रात्रभर आख्यान आणि सकाळी दहीकाला. ‘लोकराजा’ सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले. त्यांचं बोलणं ऐकायला माणसं एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा चित्रपट आला आणि शहरातली मंडळीही आता रात्री जागायला येऊ लागली आहेत, याचं मला बरं वाटतं.

गेल्या हंगामात एका गावच्या जत्रेत बसलो होतो. पहाटेचे तीन वाजले असतील. आख्यानात नारदाने भीमाला खोचक प्रश्न विचारला आणि भीम झालेला पोरगा, नवा असावा, दोन वाक्यांत उत्तर देऊन गदा उचलायला निघाला. पुढच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “अरे, उत्तर दी मा त्येका!” मांडवभर हशा. पोराने गदा बाकावर ठेवली, मुकुट सारखा केला, नारदाकडे वळला आणि बोलायला लागला. बळ म्हणजे काय, थोरल्या भावाचा शब्द म्हणजे काय, भूक म्हणजे काय. पाव तास बोलला. हार्मोनियमवाल्याने भात्यावरचा हात काढून घेतला होता. घोंगडीतल्या आजोबांनी शेवटी मान हलवली आणि शेजारच्या नातवाला खाज्याची पुडी सोडायला सांगितली.