घडीचा कॅमेरा आणि तारखेची काडी

श्रोते हो, देवपुरातून पांझरा ओलांडून धुळे शहरात गेलात, तर तेथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. कागदावर तिथी नसली की किती डोकेफोड होते, हे त्यांच्या पठडीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आज मी ज्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे, त्याने नेमकी हीच अडचण हेरली होती.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला 1898 साली. त्याच सुमारास अमेरिकेत कोडॅक कंपनीने घडीचा खिशात मावणारा कॅमेरा विकायला काढला. घडीचा म्हणजे कसा? तुमच्या भजनातल्या पेटीला भाता असतो ना, तसाच एक लहानसा चामडी भाता. झाकण पाडायचे, भिंग पुढे ओढायचे, भाता उलगडतो. काम झाले की मिटून ठेवायचा. 1903 साली याच घराण्यात 3ए नावाचा दांडगा भाऊ जन्मला. त्याचा फोटो थेट पोस्टकार्डाएवढा येई!

पण खरा गाजला तो 1912 चा व्हेस्ट पॉकेट. मिटला की जेमतेम इंचभर जाडीचा. पहिल्या महायुद्धात शिपायांनी तो इतका बरोबर नेला, की त्याला ‘शिपायाचा कोडॅक’ म्हणू लागले. 1924 साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरी व अर्व्हिन यांच्याजवळही असाच एक होता, असे मानतात. 1999 साली मॅलरीचा देह सापडला. कॅमेरा मात्र नाही.

आता ती तारखेची गोष्ट. हेन्री गाइसमन नावाच्या माणसाने एक युक्ती काढली. कोडॅकने ती तीन लाख डॉलर मोजून घेतली आणि 1914 पासून ‘ऑटोग्राफिक’ कॅमेरे निघाले. पाठीला एक छोटी खिडकी. ती उघडून धातूच्या काडीने आतल्या कागदावर लिहायचे: गाव, नाव, तारीख. मग खिडकी काही सेकंद उजेडाकडे धरायची. काडी दाबलेल्या जागी काजळी हटे, उजेड आत शिरे, आणि अक्षर फिल्मवरच उमटे. फोटो आणि त्याचा दाखला एकाच फिल्मवर! माझ्या मते या घराण्यातली सर्वांत शहाणी कल्पना हीच. पण लोकांना लिहायचा कंटाळा, दुसरे काय. 1930 नंतर थोड्याच वर्षांत ती फिल्म बंद पडली.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1932 साली 620 नंबरची फिल्म आली. रुंदी जुन्या 120 चीच, फक्त रीळ बारीक. 1934 साली जर्मनीतल्या कारखान्यातून रेटिना निघाला, तो पस्तीस मिलिमीटरचा. 1960 च्या सुमारास कोडॅकचे घडीचे कॅमेरे संपले. भात्याच्या कोपऱ्यांना बारीक भोके पडत, उजेड शिरून फोटो धुरकट होई. बिनभात्याच्या कॅमेऱ्याला ते दुखणे नव्हते.

गुरुजी मंडळींनी एवढे करावे. गावात कुणाच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह निघाल्या, तर फेकू देऊ नका. दोन चित्रांमधली मोकळी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघा. तेथे काळ्या बारीक अक्षरांत कुणी काही खरडलेले असेल, तर ते आधी वहीत उतरवून घ्या आणि मगच निगेटिव्ह पुसायला घ्या.